कारमागचा ट्रेलर आणि ट्रॅक्टरची सवय

मोहोळच्या पुढे आमची थोडी शेती आहे आणि राहणे सोलापुरात आहे, त्यामुळे ठिबकच्या नळ्यांची बंडले, खताच्या गोण्या, दुरुस्तीला काढलेली पाण्यातली मोटार किंवा रोपांचे क्रेट अशा वस्तू घेऊन वर्षभर ये-जा सुरूच असते. या वस्तू गाडीच्या डिकीत मावत नाहीत आणि मावल्या तरी आतला वास आठवडाभर जात नाही. दर वेळी छोटा हत्ती भाड्याने सांगण्यापेक्षा आपल्या सात आसनी डिझेल गाडीमागे जोडता येईल असा दोन चाकी ट्रेलर करून घ्यावा, असे गेल्या वर्षी ठरवले आणि शहराच्या औद्योगिक भागातील एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात काम दिले. हा कारखाना मुख्यतः उसाच्या ट्रॉल्या बनवतो. त्याचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण पुढे ज्या त्रुटी सांगणार आहे त्या या एकाच ठिकाणच्या नाहीत. काम देण्याआधी आणखी तीन ठिकाणी चौकशी केली तेव्हा तिथेही जवळपास तीच उत्तरे मिळाली होती.

सहा फूट बाय चार फुटांचा हौदा, सी-चॅनेलची चौकट, खाली चेकर्ड पत्रा, मागचे फाळके बिजागरीवर पडणारे, दोन्ही बाजूंना पाटे (कमानी स्प्रिंग) आणि रिकामे वजन सुमारे अडीचशे किलो, असा हा ट्रेलर आहे. सांगितलेली किंमत बासष्ट हजार रुपये होती. कारागिरीला मी पाचपैकी साडेचार गुण देईन. वेल्डिंगची शिवण सलग आहे, कोपऱ्यांना गसेट म्हणजे आधाराचे त्रिकोणी पत्रे लावले आहेत, फाळक्याची कडी एका हाताने बसते आणि रंगाच्या आधी प्राइमरचा थर खरोखर दिलेला आहे. तो खरोखर दिला की नाही, हे पाहण्यासाठी एका कोपऱ्यात मी खिळ्याने ओरखडून पाहिले होते. सेवेला मात्र एकूण तीनच गुण, आणि त्याचे कारण एका वाक्यात सांगायचे तर कारखान्याने मला अत्यंत मजबूत, पण ट्रॅक्टरच्या स्वभावाचा ट्रेलर दिला.

गाळप हंगामात आपल्या जिल्ह्यात जो रस्त्यावर उतरतो त्याला हे वेगळे सांगण्याची गरज नाही. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, वर हौद्याबाहेर गेलेला ऊस, मागे दिवा नाही आणि जोडणीला पिन. ट्रॅक्टर हळू चालतो, वजनाने दणकट असतो आणि पिनेत अर्धा इंच खेळ असला तरी चालकाला गचका बसण्यापलीकडे सहसा काही होत नाही. कार त्याच महामार्गावरून तिप्पट-चौपट वेगाने जाते, तिचे स्प्रिंग मऊ असतात आणि मागचा भार वळवळू लागला तर तो गाडीच्या शेपटाला धरून ओढतो. त्यामुळे ट्रॅक्टरच्या मागे खपून जाणारी प्रत्येक सवय कारमागे धोक्याची ठरते, आणि माझ्या ट्रेलरमध्ये अशा सवयी एकेक करून सापडत गेल्या.

पहिली सवय कागदांची. आगाऊ रक्कम देताना मी नोंदणीबद्दल विचारले, तेव्हा मालकांनी अगदी सहज सांगितले, “तीन टनांच्या आत कायबी लागत नाही बघा, साहेब. एवढीशी तर ट्रॉली.” त्यांनी हे फसवण्यासाठी सांगितले असे मला वाटत नाही, ते ऐकीव गोष्ट सांगत होते आणि तिला अर्धा आधारही आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 66 मध्ये ज्या मालवाहू वाहनाचे भारासह एकूण वजन 3,000 किलोपेक्षा जास्त नाही त्याला परमिटमधून सूट दिलेली आहे. परंतु परमिट वेगळे आणि नोंदणी वेगळी. याच अधिनियमाच्या कलम 2 मधील मोटार वाहनाच्या व्याख्येत ट्रेलरचा स्पष्ट समावेश आहे, कलम 39 नुसार नोंदणी नसलेले मोटार वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही, आणि कोणाच्या मनात शंका राहू नये म्हणून की काय, कलम 61 मध्ये नोंदणीचे प्रकरण ट्रेलरलाही इतर वाहनांप्रमाणेच लागू आहे असे पुन्हा सांगितलेले आहे. ट्रेलर लहान आहे, त्याला इंजिन नाही किंवा तो स्वतःच्याच शेतीसाठी आहे, यांपैकी कोणत्याही कारणाने या कलमांतून सुटका होत नाही.

कलम 61 मधील आणखी एक तरतूद मी जितक्या जणांना विचारली त्यांतील कोणालाच माहीत नव्हती. ट्रेलरला मिळालेला नोंदणी क्रमांक ओढणाऱ्या गाडीच्या बाजूवर दाखवावा लागतो, आणि ओढणाऱ्या गाडीचा क्रमांक ट्रेलरवर, एकापेक्षा अधिक ट्रेलर असतील तर शेवटच्या ट्रेलरवर, दाखवल्याशिवाय गाडी चालवता येत नाही. कारण उघड आहे: ट्रेलर जोडला की गाडीची मागची पाटी झाकली जाते आणि मागून येणाऱ्याला एमएच 13 च्या पुढचे काहीच वाचता येत नाही. कारखान्याने मागच्या फाळक्यावर पाटीसाठी जागाच ठेवली नव्हती. तिथे स्वतःच्या कारखान्याचे नाव मोठ्या, सावली दिलेल्या अक्षरांत रंगवून ठेवले होते.

नोंदणीसाठी काय लागते, हे पाहिल्यावर अडचण नीट कळली. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 47 प्रमाणे फॉर्म 20 मधील अर्जासोबत विक्रीचे प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म 21, वाहन रस्त्यावर चालण्यायोग्य असल्याचे उत्पादकाचे प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म 22 आणि विमा हे तर लागतेच. त्याशिवाय ट्रेलरच्या बाबतीत त्याच्या रचनेला राज्याच्या परिवहन यंत्रणेने दिलेल्या मंजुरीची प्रत जोडावी लागते. म्हणजे ज्या कारखान्याकडे त्या विशिष्ट नमुन्याची मंजुरी आहे त्याच्याकडूनच ट्रेलर घेण्यात अर्थ आहे. माझ्या कारखान्याकडे ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीची मंजुरी आहे आणि ती प्रत त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून अभिमानाने दाखवलीही, पण माझा ट्रेलर त्या नमुन्यात बसत नाही. हे मी काम देण्याआधी विचारायला हवे होते. चूक अर्धी माझी आहे, त्यामुळे यासाठी मी पूर्ण गुण कापलेले नाहीत.

दंडाबद्दल थोडेच लिहितो. 2019 च्या दुरुस्तीनंतर केंद्रीय अधिनियमात नोंदणी नसलेले वाहन चालवल्यास कलम 192 खाली पहिल्या वेळी पाच हजार रुपयांपर्यंत, विमा नसल्यास कलम 196 खाली पहिल्या वेळी दोन हजार रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि भार बाहेर डोकावत असल्यास कलम 194 खाली वीस हजार रुपये दंड आहे. मला दंडापेक्षा विम्याची चिंता अधिक वाटते. ट्रेलर हे कायद्याने मोटार वाहन असल्यामुळे कलम 146 मधील तृतीय पक्ष विम्याची सक्ती त्यालाही लागू होते. अपघातात ट्रेलर सुटून दुचाकीवर गेला आणि पॉलिसीत त्याचा उल्लेखच नसला, तर भरपाईचा प्रश्न आपल्या घरादारापर्यंत येऊ शकतो. विम्याच्या प्रतिनिधीला तोंडी विचारून समाधान मानू नये. पॉलिसीच्या कागदावर ट्रेलर दिसला पाहिजे.

परवान्याविषयी मात्र उगाच घाबरवले जाते. ट्रेलर जोडला म्हणजे हलक्या वाहनाचा परवाना रद्दबातल झाला, असे मला दोघांनी ठासून सांगितले. ट्रॅक्टरच्या बाबतीत नागशेट्टी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2001 सालीच सांगितले आहे की ट्रॅक्टर चालवण्याचा वैध परवाना असलेल्या व्यक्तीचा परवाना केवळ मागे ट्रेलर जोडल्यामुळे निष्प्रभ होत नाही. हलक्या मोटार वाहनाची कायद्यातील मर्यादा 7,500 किलोची आहे, आणि माझी गाडी व भरलेला ट्रेलर मिळून तिच्या निम्म्यापर्यंतही जात नाहीत.

आता गाडीच्या बाजूची जोडणी. कारखान्याचा प्रस्ताव असा होता की मागच्या बंपरमागे एक आडवा चॅनेल वेल्ड करून त्यावर पिनेचा कान बसवावा; मजुरी अडीच हजार आणि वेळ दोन तास. मी नकार दिला आणि आजही त्या नकारावर खूश आहे. बंपर हा ओढण्यासाठी केलेला भाग नाही. ओढण्याचा ताण चासीच्या दांड्यांवर, गाडीच्या उत्पादकाने ठरवून दिलेल्या छिद्रांत, ठरवून दिलेल्या ताकदीने आवळलेल्या बोल्टांवर यायला हवा. शिवाय कलम 52 प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांपासून वेगळे पडतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि परवानगी नसलेला सुटा भाग बसवून बदल केल्यास कलम 182-अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय मंत्रालयाने गाड्यांपुढच्या लोखंडी बुलबारविरुद्ध जे पत्र काढले त्याचा आधारही हेच कलम 52 होते. म्हणून गाडीसोबत मिळालेली पुस्तिका आधी उघडावी. तिच्यात ट्रेलर ओढण्यास मनाई असेल तर विषय तिथेच संपतो. माझ्या पुस्तिकेत ब्रेक नसलेल्या ट्रेलरसाठी 750 किलो ही मर्यादा दिलेली आहे, म्हणून मी गाडीच्या अधिकृत विक्रेत्याकडून तिच्यासाठीच असलेली हिच, म्हणजे ट्रेलर अडकवण्याची जोडणी, मागवून घेतली. ती महाग पडली आणि पाच आठवडे लागले.

750 किलो हा आकडा उगाच कुठून तरी आलेला नाही. आपल्याकडच्या वर्गीकरणात 0.75 टनापर्यंतचे ट्रेलर टी-1 या सर्वांत हलक्या गटात येतात आणि त्यापुढे साडेतीन टनांपर्यंतचे टी-2 मध्ये. युरोपातील नियमांतही हीच सीमा आहे, आणि तिच्या आतल्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसले तरी चालते. याचा व्यवहारातला अर्थ असा की माझ्या ट्रेलरमध्ये अडीचशे किलो लोखंडावर फक्त पाचशे किलो माल घालता येतो, म्हणजे खताच्या पन्नास किलोच्या दहा गोण्या. कारखान्याच्या मालकांचे म्हणणे होते की पाटे दीड टन सोसतील. पाटे सोसतीलही, पण थांबायचे काम माझ्या गाडीच्या चार ब्रेकना करायचे आहे आणि त्यांना मागून ढकलणारा दीड टन सोसणार नाही.

ट्रेलरच्या टोकालाही सुरुवातीला ट्रॅक्टरचाच पिनेचा डोळा होता. तो काढून 50 मिलिमीटरच्या गोळ्यावर बसणारा कपलर लावायला सांगितले, तेव्हा कारखान्याने एक पैसाही जास्त न घेता चार दिवसांत तो लावून दिला. हा त्यांचा मोठेपणा नोंदवायलाच हवा. कपलर घेताना 50 मिलिमीटर आणि दोन इंच यांची गल्लत करू नये. दोन इंच म्हणजे 50.8 मिलिमीटर, फरक नखाएवढाही नाही, पण दोन इंची कपलर 50 च्या गोळ्यावर ढिला बसतो आणि हा ढिलेपणा प्रत्येक खड्ड्यात वाढत जातो. सुरक्षा साखळ्या त्यांनी दिल्याच नव्हत्या. दोन साखळ्या घेऊन त्या ट्रेलरच्या पुढच्या दांड्याखाली एकमेकींना छेदतील अशा अडकवायच्या असतात, म्हणजे कपलर निसटला तरी टोक रस्त्यात न रुतता साखळ्यांच्या झोळीत अडकते. साखळ्या बाजारातून आणून मी स्वतः लावल्या.

सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो तोलाने. चाचणी रस्त्यावर घेता येत नव्हती, म्हणून ट्रेलर एका टेंपोत चढवून शेतावर नेला. कारमागे धावण्यासाठी केलेली वस्तू दुसऱ्या गाडीच्या पाठीवर बसून सावळेश्वरचा टोल नाका ओलांडत होती आणि मी मागून माझी रिकामी हिच घेऊन येत होतो. शेतावर सपाट फरशीवर दहा गोण्या सारख्या पसरल्या आणि कपलरखाली लाकडी ठोकळा ठेवून घरातला वजनकाटा लावला. काट्याने तेवीस किलो दाखवले. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या पाच ते सात टक्के भार गाडीच्या हिचवर यावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. साडेसातशे किलोसाठी तो अदमासे अडतीस ते बावन्न किलो होतो. मग पुढच्या दोन गोण्या उचलून मागच्या फाळक्याजवळ ठेवल्या तर कपलर काट्यावरून हलकेच वर उचलला गेला. काटा शून्यावर गेलेला पाहून आमच्या गड्याला गंमत वाटली, मला मात्र घाम फुटला. मागे जड झालेला ट्रेलर गाडीचा मागचा भाग उचलतो, मागच्या चाकांची पकड कमी करतो आणि ठरावीक वेगापुढे दोन्ही बाजूंना झुलू लागतो. तसे झाले तर ब्रेक दाबायचा नसतो आणि स्टिअरिंगने झोके दुरुस्तही करायचे नसतात. स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटर सोडायचा असतो.

दोष धुऱ्याच्या, म्हणजे चाकांच्या ॲक्सलच्या, जागेत होता. तो हौद्याच्या बरोबर मधोमध बसवलेला होता. कारखान्याचा वेल्डर शेतावर आला, त्याने पाट्यांचे ब्रॅकेट कापून धुरा चार इंच मागे सरकवला आणि तेवढ्याच गोण्यांवर काटा पन्नास किलोच्या आसपास आला. या कामाचे त्याने बाराशे रुपये मागितले. द्यावेत की नाही यावर आमची थोडी हुज्जत झाली आणि शेवटी सहाशेवर मिटले. माझ्या मते हे फुकट व्हायला हवे होते.

दिव्यांची गोष्ट लहान पण त्रासदायक. ट्रेलरचे दिवे गाडीला जोडणाऱ्या सात पिनांच्या सॉकेटमध्ये तारांचे रंग ठरलेले असतात: पिवळी डाव्या इंडिकेटरची, हिरवी उजव्या इंडिकेटरची, लाल ब्रेकची, काळी डाव्या आणि तपकिरी उजव्या टेललाइटची, निळी धुक्याच्या दिव्याची आणि पांढरी अर्थिंगची. कारखान्याने मिळेल त्या रंगाची तार वापरली होती आणि अर्थिंग वेगळे न देता कपलरच्या लोखंडातून घेतले होते. गोळ्याला ग्रीस लागताच ब्रेक दाबला की दोन्ही इंडिकेटर मंदपणे उजळायचे, म्हणजे मागच्या माणसाला मी थांबतो आहे, डावीकडे वळतो आहे आणि उजवीकडेही वळतो आहे असे एकाच वेळी सांगितले जात होते. पांढरी तार स्वतंत्र ओढल्यावर दोष गेला. मागे लाल रिफ्लेक्टर आणि बाजूंना पिवळी पट्टी मी स्वतः लावली. रात्रीच्या उसाच्या ट्रॉल्या पाहिलेल्या माणसाने हे शंभर रुपये वाचवू नयेत.

टायरबद्दलही लिहिणे भाग आहे. 145/80 आर 12 हे अल्टोच्या मापाचे टायर बसवले होते आणि त्यांवर 74 हा भारांक होता, म्हणजे प्रत्येकी 375 किलो. दोन्ही मिळून बरोबर 750. काठोकाठ, एका किलोचीही सवड नाही. त्यातील एकावर निर्मितीच्या चार आकड्यांचा शिक्का 3514 होता, म्हणजे 2014 सालचा पस्तिसावा आठवडा. नवा म्हणून दिलेला ट्रेलर, आणि त्याच्या एका पायाचे वय शाळेत जाणाऱ्या मुलाएवढे. मालकांनी तो बदलून दिला, पण दाखवून दिल्यानंतर.

कारखान्याने भेट म्हणून एक नायलॉनची दोरी दिली, बंद पडलेली गाडी ओढण्यासाठी. ती स्वीकारली, पण तिचा कायदा निराळा आहे. 1989 च्या रस्ता-नियमावलीत, जिची जागा 2017 मध्ये नव्या नियमावलीने घेतली, दोन वाहनांमधले अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नको, मागच्या गाडीत परवानाधारक बसलेला हवा, मागे पांढऱ्यावर काळ्या, किमान 75 मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत ‘ऑन टो’ लिहिलेले हवे आणि वेग ताशी 24 किलोमीटरच्या आत हवा, अशी तरतूद होती. दोरीने कोणी ट्रेलर ओढू नये, हे सांगावे लागू नये. पण मी तसे ओढताना पाहिले आहे.

घ्यावा की नाही, असे मला अनेकांनी विचारले. ज्याला वर्षातून चार-पाच खेपा करायच्या आहेत त्याने छोटा हत्तीच सांगावा; भाडे दिले की कागद, विमा आणि टायरची काळजी चालकाची. ज्याला आठवड्याला खेप आहे आणि ज्याच्या गाडीच्या पुस्तिकेत ट्रेलरचा आकडा लिहिलेला आहे, त्याने कारखान्यात शिरताच रंग आणि किंमत न विचारता त्या नमुन्याच्या रचनेची मंजुरी आणि फॉर्म 22 दाखवायला सांगावे. मालक प्लॅस्टिकच्या पिशवीकडे हात नेत नसतील तर चहा घेऊन परत यावे.

माझा ट्रेलर सध्या शेतावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभा आहे आणि बांधाच्या आतच चालतो, विहिरीपासून गोठ्यापर्यंत. बासष्टपैकी बावन्न हजार रुपये मी दिले आहेत. या नमुन्याची मंजुरी घेऊन फॉर्म 21 आणि फॉर्म 22 हातात दिल्यावर उरलेले दहा हजार देईन, असे दोघांच्या सहीने लिहून ठेवले आहे. मागच्या फाळक्यावरचे कारखान्याचे नाव मी स्वतः घासून काढले आणि तिथे दोन नंबर प्लेट बसतील एवढी जागा आखून ठेवली आहे.